धायरीचा गाळा : अडीच वर्षं काम करून झाल्यावर

तेलरंगात मोठ्या आकाराची चित्रं करणाऱ्याने स्टुडिओसाठी धायरीच्या आमच्या गाळ्यात जागा घ्यावी का, असं गेल्या वर्षभरात मला सात-आठ जणांनी विचारलं. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगत राहिले. आता एकदाच नीट लिहिते. माझं उत्तर ‘घ्यावी’ असंच आहे. पण एप्रिलच्या दुपारी आणि पहिल्या पावसाळ्यात इथे काय होतं ते वाचून मग घ्यावी.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरून धायरीत आत शिरलं की सोसायट्या मागे पडतात आणि फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग, लेथ, पुठ्ठ्याचे खोके असल्या छोट्या धंद्यांच्या रांगा लागतात. त्यातल्या एका रांगेच्या टोकाचा गाळा आम्ही चौघं वापरतो. ६० फूट लांब, ३० फूट रुंद, मधोमध १६ फूट उंच, वर पत्रा. गाळ्याला नाव नाही. मालक काका पूर्वी इथे स्वतः ग्रिल आणि गेट बनवायचे. गुडघे दुखायला लागले, मुलगा नोकरीला लागला, तेव्हा त्यांनी मशिनं विकली आणि गाळा भाड्याने काढला. सात फुटी प्लायचे आडोसे घालून चार भाग केलेत. एकात मी, दुसऱ्यात एक शिल्पकार, तिसऱ्यात एचिंग करणारा, म्हणजे धातूच्या प्लेटवर रसायनाने रेघा कोरून त्यांचे छाप काढणारा, एक मित्र आणि चौथ्यात शाईने मोठाली चित्रं करणारी एक तरुण मुलगी. माझ्या वाट्याची जागा २० बाय १८ फूट आहे.

या जागेची खरी किंमत तिच्या उत्तरेकडच्या भिंतीत आहे. जमिनीपासून सात फुटांवर चार फूट उंचीची खिडक्यांची पट्टी सुरू होते, ती जवळजवळ भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. काकांच्या मनात तेव्हा चित्रकार वगैरे कोणी नव्हतं. खाली भिंतीला लोखंडी अँगल आणि पाइप टेकवून ठेवता यावेत म्हणून त्यांनी खिडक्या वर घेतल्या. त्यामुळे झालं असं, की उजेड डोक्यावरून, साधारण पंचेचाळीस अंशांत कॅनव्हासवर उतरतो आणि ओल्या तेलरंगावर चमक मारत नाही. मी उजव्या हाताने काम करते. इझल असं लावलंय की उजेड डाव्या अंगाने येतो आणि हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडत नाही.

उत्तरेचा उजेड चांगला, हे चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगतात. मला ते त्याच्या आधीपासून ठाऊक होतं. बाबा लोअर परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, १९८२च्या संपापर्यंत. दसऱ्याच्या पूजेला आम्हा पोरांना आत नेलं होतं. साच्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या आणि वर बघितलं तर छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची एक बाजू काचेची, आणि सगळ्या काचा एकाच दिशेला. मी विचारलं, तर बाबा म्हणाले, “सगळ्या उत्तरेला आहेत. ऊन आत आलं की सावल्या पडतात आणि कापडातला दोष दिसत नाही.” विणकराला धागा कुठे तुटलाय, डाग कुठे पडलाय, ते कापड साच्यावर असतानाच दिसायला हवं. म्हणून विणकामाच्या शेडना असं छप्पर घालायचे. पुढे मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकायला गेले. संस्था १८५७ची, आजची दगडी इमारत १८७८ची. तिथल्या उंच छताच्या वर्गात पहिल्या दिवशी उभी राहिले तेव्हा मला गिरणीच आठवली होती. चित्रकाराला आणि विणकराला एकच गोष्ट लागते : आपण काय करतोय ते खरं दिसावं.

मागच्या वर्षी बाबांना गाळा दाखवायला आणलं. आता त्यांचं वय ८१. चित्रांकडे ते नंतर वळले. आधी खिडक्यांखाली गेले, टेबलावरचं कोऱ्या कॅनव्हासचं टोक उचलून बोटांत धरलं, वर उजेडाकडे केलं आणि म्हणाले, “इथे धागा जाड आलाय.” तो तुकडा मी महिनाभर वापरायला काढून ठेवला होता, मला ती गाठ दिसली नव्हती.

उत्तरेच्या उजेडाची एक गोष्ट मात्र आपल्याकडे कोणी फारसं सांगत नाही. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खिडकीतून ऊन कधीच येत नाही. ते युरोपातही दुपारपुरतंच खरं आहे, उन्हाळ्यात अगदी सकाळी आणि संध्याकाळी तिथेही ऊन येतं. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. मेच्या मध्याला सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारीसुद्धा तो किंचित उत्तरेला असतो. उगवतो आणि मावळतो तर मार्च ते सप्टेंबर उत्तरेकडे सरकूनच. म्हणजे मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी माझ्या उत्तरेच्या खिडकीतून उन्हाचा तिरपा पट्टा सरळ आत येतो. पहिल्या वर्षी मी गोंधळले, होकायंत्र काढून भिंत खरंच उत्तरेची आहे ना ते तपासलं. आता त्या दिवसांत खिडकीला आतून मांजरपाटाचा पडदा लावते. ऊन गाळून येतं, उजेड थोडा कमी होतो, पण काम थांबत नाही. दुपारचं ऊन खिडकीवरचा छज्जा अडवतो. छज्जा नसता तर मी ही जागा घेतली नसती. जागा बघायला लोक बहुधा डिसेंबरात किंवा दिवाळीच्या सुट्टीत जातात आणि तेव्हा उत्तरेची कुठलीही खिडकी गुणी वाटते. मे महिन्यात सकाळी साडेसातला एकदा जाऊन बघा.

पश्चिमेला दहा फुटी शटर आहे. संध्याकाळी पाचनंतर ते उघडं असलं की केशरी ऊन थेट मधल्या वाटेपर्यंत येतं आणि सगळ्या आडोशांवर त्याची झाक पडते. त्या वेळेला आम्ही शटर अर्ध्यावर ओढतो.

उजेडाबद्दल मी इतकं लांबवते आहे, कारण त्यापायी माझं वर्षभराचं काम वाया गेलंय. गाळ्याच्या आधी मी शहरातल्या एका नव्या, खास ‘सर्जनशील’ लोकांसाठी म्हणून बांधलेल्या सामायिक जागेत होते. देखणी जागा होती. विटांची भिंत, कुंड्या, कॉफीचं मशीन, छताला लोंबणारे पिवळ्या उजेडाचे दिवे. मी तेव्हा जेजुरीवर एक मालिका करत होते, सोमवतीच्या दिवशी उधळलेल्या भंडाऱ्यावर. त्या पिवळ्या दिव्यांखाली पिवळा रंग पांढऱ्यात मिसळून जायचा, दिसायचाच नाही. म्हणून मी तो चढवत गेले. कॅडमियम यलोत थोडं ऑरेंज, मग अजून थोडं. तिथे चित्र बरोबर वाटायचं. प्रदर्शनाच्या आधी पहिला कॅनव्हास छायाचित्र काढायला गच्चीवर नेला, तर भंडारा शेंदरासारखा दिसत होता. हळदीचा पिवळा कुठेच नव्हता. सात चित्रांपैकी दोन वाचवता आली. बाकी पाचांवर मी वरून नवं काम केलं आणि प्रदर्शन पुढे ढकललं. दिवे बदला म्हणून मी तिथे लेखी विनंती केली होती. सजावटीत बसत नाही, असं उत्तर आलं.

त्याच जागेत ओल्या चित्राचंही कोणाला काही वाटायचं नाही. टेबल तासांवर घ्यायचं आणि वेळ संपली की आपलं सामान कपाटात ठेवायचं. जाड लावलेला तेलरंग सुकायला आठवडे लागतात. तो कपाटात कसा ठेवणार? एकदा रविवारी तिथे लहान मुलांची कार्यशाळा होती म्हणून माझं चित्र न विचारता हलवलं, दुसऱ्या एका फर्निचरला टेकवलं. डाव्या कोपऱ्यात बोटांचे ठसे आणि एक लांब ओरखडा. मला राग त्या ओरखड्याचा तितका आला नाही, जितका तो उचलणाऱ्याला चित्र ओलं असू शकतं हे माहीतच नव्हतं याचा आला. गाळ्यात इझलवर ठेवलेली वस्तू चार महिने तशीच राहते. काका आले तरी आडोशाबाहेरूनच हाक मारतात.

दिव्यांचं इथे आम्ही असं केलं : प्रत्येक भागात ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाच्या चार ट्यूब, सीआरआय ९०च्या वरच्या. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. साध्या ट्यूब साधारण ८०च्या आसपास असतात आणि त्यांत लाल रंग मलूल दिसतात. चांगल्या ट्यूबला तिप्पट पैसे पडले आणि दुकानदाराने त्या मागवून दिल्या. रात्री त्यांच्याखाली मी आखणी करते, पार्श्वभूमी भरते, कॅनव्हासला जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, लावते. रंगाचे निर्णय सकाळीच. माझ्या आजोळी, मालवणकडे, गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी करणारे म्हातारे बुवा सकाळी पडवीत बसूनच ती करायचे, दिवा लावून कधीच नाही. त्यांनी मला कारण सांगितलं नव्हतं. आता मला ते पुरेपूर कळतं.

पहिल्या जूनमध्ये एक विचित्र गोष्ट घडली. माझ्या चित्रांतल्या सावल्या एकाएकी निळसर वाटायला लागल्या. रंग तेच, वेळ तीच. दोन दिवस मी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली. तिसऱ्या दिवशी खिडकीला पांढरा कागद धरला, तर कागद निळा! समोरच्या गाळ्याने पावसाळ्यासाठी कच्च्या मालावर निळी प्लास्टिकची ताडपत्री ओढली होती आणि तिचं प्रतिबिंब थेट माझ्या छतावर पडत होतं. मी जाऊन सांगितलं. त्या भाऊंना आधी काही उमगेना. त्यांना आत आणलं, कागद दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, आम्हाला काय, पाणी अडल्याशी मतलब. तुम्ही कुठली म्हणाल ती टाकतो.” मी मार्केट यार्डाजवळून करड्या रंगाची जाड ताडपत्री आणली, २८०० रुपयांना. तेव्हापासून दर जूनला तीच लागते. सांगायचं हे, की खिडकी कुठे उघडते इतकंच बघून भागत नाही. खिडकीसमोर काय आहे आणि उद्या काय येईल, तेही बघावं लागतं. समोर तांबड्या रंगाची इमारत असेल तर तुमची प्रत्येक गोरी कातडी तापलेली दिसेल.

याच कारणाने आतल्या भिंतींवर मी काकांशी दोन दिवस वाद घातला. त्यांना पोपटी रंग द्यायचा होता, जागा प्रसन्न दिसावी म्हणून. मी करडा मागितला, ना फार गडद ना फार फिका. शेवटी ते म्हणाले, “बरं बाई, तुझं कारखान्याचं काम, तुला कळतं.” त्यांनी माझ्या कामाला कारखाना म्हटलं, ते मला फार आवडलं. गणपतीच्या मूर्ती घडवायच्या जागेला पेणला कारखानाच म्हणतात.

आता अंतर. सहा फुटी चित्र नीट बघायचं तर मागे पंधरा फूट तरी सरकता आलं पाहिजे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये नऊ वर्षं काम केलं. मागच्या भिंतीला आरसा लावला होता, त्यात चित्र बघायचे. अंतर दुप्पट होतं आणि चित्र उलटं दिसल्यामुळे रेखाटनातल्या चुकाही पकडता येतात, ही युक्ती आजही चांगली आहे. पण आरशात पोत दिसत नाही, आणि पाठ भिंतीला लावून काम करणाऱ्या माणसाचं चित्रही हळूहळू आक्रसतं. माझी त्या काळातली चित्रं बघा, सगळी बारीक तपशिलांत अडकलेली. इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच मी चार इंची ब्रश विकत घेतला. गेल्या अडीच वर्षांत माझ्या कामात सर्वांत मोठा बदल झाला तो केवळ मागे सरकायला जागा मिळाल्यामुळे, असं मी ठामपणे म्हणेन. फ्लॅटमधून सहा बाय पाचचा कॅनव्हास जिन्याने उतरत नव्हता. स्ट्रेचरवरून, म्हणजे तो ताणलेल्या लाकडी चौकटीवरून, काढून गुंडाळावा लागायचा आणि जाड रंगाला भेगा जायच्या. इथे छोटा हत्ती शटरपर्यंत मागे येतो, चित्र उभंच्या उभं आत जातं.

हवेचं सांगते, कारण यात बेफिकिरी अंगाशी येते. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. काकांचा वेल्डिंगच्या धुरासाठीचा जुना एक्झॉस्ट छताजवळ होता. तो धुराला ठीक, आपल्याला निरुपयोगी. मी दक्षिणेच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर दुसरा बारा इंची पंखा बसवून घेतला. खर्च निम्मा-निम्मा. संध्याकाळी डोकं दुखायचं ते आठ दिवसांत थांबलं. चिंध्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात पाणी. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशीच दाखवते. जवसाचं तेल सुकतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निघते. चिंध्यांचा बोळा करून टाकला तर ती आतच कोंडते आणि ठिणगीशिवायही कापड पेटू शकतं. शेजारी वेल्डिंग चालतं, गाळ्यात लाकूड, कॅनव्हास, रंग. आग विझवण्याची दोन नळकांडी आहेत, एक शटरपाशी, एक मोरीपाशी. एचिंगवाल्या मित्राला काकांनी नायट्रिक ॲसिड आणू दिलं नाही, त्याचा तपकिरी धूर छातीला वाईट. तो आता तांब्याच्या प्लेटवर फेरिक क्लोराइडने काम करतो. वेळ जास्त लागतो, रेघ स्वच्छ येते. त्याच्या प्रेसच्या वजनाला तळमजल्याची कॉंक्रीटची जमीन लागलीच असती.

मोरी मोठी आणि खोल आहे, सिमेंटची, दोन नळांची. ब्रश धुताना बादली आत मावते. वापरलेलं टर्पेंटाइन मात्र कोणीही मोरीत ओतायचं नाही, हा आमचा नियम. काचेच्या बरणीत दोन दिवस ठेवलं की रंग तळाला बसतो, वरचं नितळ पुन्हा वापरता येतं.

पावसाळा. पहिल्या वर्षी मी दोन पूर्ण झालेली चित्रं भिंतीला टेकवून ठेवली आणि गणपतीत कोकणात गेले. परत आले तर दोन्हींच्या पाठीला बुरशी, पांढरी, मऊ, गोल डागांची. एक वाचलं, दुसऱ्याचा कोपरा गेला. आता भिंतीपासून चार इंच सोडून लाकडी पट्ट्या मारल्यात, जमिनीपासून अर्धा फूट वर फळी आहे, आणि चित्रं तिच्यावर उभी, मधे हवा खेळेल अशी. शाईवाल्या मुलीचे कागद पत्र्याच्या खणांच्या कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसकट. पत्रा धरणाऱ्या एका जे हुकाच्या भोकातून गळती होती, काकांनी डांबराची पट्टी लावली. गेला पावसाळा कोरडा गेला. मोठ्या सरीत पत्र्याचा आवाज इतका होतो की फोनवर बोलता येत नाही. मला तो आवडतो. शिल्पकाराला नाही आवडत, तो कानात कापूस घालतो.

उन्हाळा ही या जागेची खरी कमतरता आहे आणि ती मी लपवणार नाही. एप्रिलमध्ये दुपारी दोनला मी इझलपाशी ४१ अंश मोजलेत. ॲक्रिलिक पॅलेटवरच कातडी धरतं. काकांनी पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग मारला, वर गरम हवा बाहेर ओढणारे, वाऱ्याने फिरणारे दोन टर्बो पंखे बसवले. आधीपेक्षा बरं आहे, तरी त्रास आहेच. एप्रिल-मेमध्ये मी सकाळी साडेसहाला येते आणि अकराला निघते. ज्यांना नोकरी सांभाळून दुपारचीच वेळ मिळते, त्यांना वर्षातले हे दोन महिने जवळपास सोडून द्यावे लागतील. भाडं ठरवताना ते दोन महिने गृहीत धरा.

चौघांनी एका छताखाली राहण्याचा मोठा प्रश्न धुळीचा आहे. शिल्पकार प्लास्टर घासतो, ती पिठासारखी धूळ हवेत तरंगत येऊन माझ्या ओल्या रंगावर बसते. आडोसे सात फुटी, धूळ सोळा फुटी. सुरुवातीला आमचं यावरून चांगलंच वाजलं. आता घासकाम फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, आणि त्या दोन दिवशी मी चित्रांवर कापड न टेकवता चौकटीवर ताणलेला प्लास्टिकचा पडदा ओढते. फायबरचं काम तो मागच्या उघड्या जागेत करतो. शेजारच्या पावडर कोटिंगचा वास दुपारी येतो, त्यावर काही इलाज सापडलेला नाही.

तरीही मी एकटीची जागा घेणार नाही. मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. १९५०-६०च्या काळात वासुदेव गायतोंडे, हुसेन असे चित्रकार तिथे काम करायचे आणि त्याच इमारतीत संगीत आणि नाटकाचीही माणसं असायची. जे. जे.तले आमचे जुने शिक्षक तिच्याविषयी बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्यांच्या बोलण्यात खोल्यांची मापं कधी आली नाहीत. कोण कोणाच्या दारात येऊन काय म्हणून गेलं, तेच यायचं. गाळ्यात चारला चहा होतो. परवा एचिंगवाला माझ्या चित्रासमोर उभा राहून म्हणाला, “ताई, उजवीकडचं झाड काढून टाका.” मी चिडले, रात्री जागले, सकाळी झाड पुसलं. तो बरोबर होता.

भाडं महिना ९००० रुपये, अनामत ५०,०००, अकरा महिन्यांचा नोंदवलेला करार, नूतनीकरणाला दहा टक्के वाढ. वीज स्वतंत्र सबमीटरवर, दर व्यावसायिक. काका पावती देतात. करारात ‘चित्रकला व शिल्पकला यांच्या कामासाठी’ असं स्पष्ट लिहून घेतलंय, तुम्हीही घ्या.

संडासाबद्दल बायका विचारतात आणि विचारायलाच हवं. आधी सगळ्या रांगेला मिळून एक होता, कडी तुटलेली, दिवा नाही. आम्ही दोघींनी सांगितलं, हे झाल्याशिवाय अनामत देणार नाही. काकांनी गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात आतूनच दार असलेला नवा बांधला. रस्त्यावरचा दिवा रात्री साडेनऊला चालू असतो की नाही ते मी स्वतः चार वेळा येऊन बघितलं. स्वारगेटची पीएमपी बस फाट्यावरून मिळते, गाळ्यापासून बारा मिनिटं चालत. उशीर झाला तर शिल्पकार फाट्यापर्यंत सोबत येतो.

गुरुवारी या भागातले कारखाने बंद असतात आणि बऱ्याचदा दुरुस्तीसाठी वीजही जाते. तो माझा सर्वांत आवडता दिवस आहे. लेथ बंद, ग्राइंडर बंद, पंखा बंद, आणि खिडकीतून तोच सावकाश उजेड. जेजुरीची मालिका मी इथे पुन्हा काढली आणि भंडाऱ्याचा पिवळा अशाच एका गुरुवारी सापडला. बटर पेपरात बांधून आणलेली चमचाभर हळद इझलच्या कडेला ठेवली होती. लेमन यलो, त्यात कणभर ऑकर, आणि सावलीला जांभळट करडा.

शाईवाली मुलगी दिवाळीनंतर बडोद्याला जाते आहे, तिचा भाग रिकामा होईल. तो पूर्वेच्या टोकाला आहे, १६ बाय १८ फूट, उजेड माझ्याइतकाच. कागदावर किंवा कॅनव्हासवर काम करणारं कोणी हवंय. घासकाम आणि स्प्रेचं काम करणाऱ्याला आता जागा नाही. बघायला गुरुवारी सकाळी या. होकायंत्र, एक पांढरा कागद आणि आपल्या सर्वांत मोठ्या स्ट्रेचरचं माप बरोबर आणा. करडी ताडपत्री यंदा मधोमध फाटली आहे, पुढच्या जूनला नवी घ्यावी लागेल. तिच्या वर्गणीत नव्या माणसाचा चौथा हिस्सा आम्ही धरला आहे.